देवाचा डावा हात

रावेन्ना, मार्चचा पहिला दिवस

चि. दोम्निना,

एवोदियसकाकाचे आशीर्वाद. तुझ्या आईला, वेनुस्ताला, माझा नमस्कार सांग आणि तिच्या गुडघ्यांना वेगळा सांग, कारण तिच्या निरोपात तिच्यापेक्षा तेच जास्त बोलतात.

तुझं पत्र मिळालं. मिठाच्या होडीवाल्याने मेणाच्या पाट्या शेगडीशेजारी ठेवल्या होत्या, त्यामुळे पहिल्या पाटीचं मेण अर्धं पाघळलेलं. 'काका, मी ठरवलंय' एवढं वाचता आलं, पुढे सगळं सपाट, आणि मग एकदम 'लोकरीचा वास येतो, पण स्वभावाने गरीब आहे.' मी घाबरलोच. म्हटलं, पोरीने मेंढराशी लग्न ठरवलं की काय! खाली कास्तसचं नाव दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तुमच्या पातावियमच्या घोंगड्या विणणारा नवरा म्हणजे थंडीची चिंता मिटली. वासाचं काय, माझ्याही अंगाला तांब्याचा आणि कोळशाचा वास येतो, तो तुझ्या मरीनामावशीने कधी मनावर घेतला नाही.

इथे सगळं ठीक. बेडूक ठीक, डास ठीक, धुकं तर फारच ठीक. प्यायच्या पाण्यापेक्षा दारू स्वस्त, त्यामुळे गावात तहानलेला माणूस सापडत नाही.

दुसरी पाटी मात्र स्वच्छ होती. 'बाबा गेले. आता माझा उजवा हात कास्तसच्या हातात कोण देणार? काका, तुम्ही या.' हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. बार्बातियो, म्हणजे मी कोरलेल्या नाण्यांच्या ठशांवर घण मारणारा दाढीवाला, म्हणाला, "काय रे, वसुलीची नोटीस आली का?" मी म्हटलं, "गप बस."

तू रागावतेस की काका येत नाहीत, आले तरी दारातूनच बोलून जातात. बाळ, आम्ही टांकसाळीची माणसं. बाप टांकसाळीत तर मुलगा टांकसाळीत, आणि मुलगी असली तर तिचा नवराही. कायदाच तसा आहे. बार्बातियोच्या मुलीवर एक भटारी भाळला. चांगला पाव भाजायचा. लग्न झालं, आणि आता तो आमच्या अंगणात कोळसा वाहतो. त्याची पोरंही वाहतील. म्हणून आमच्या मुलींकडे बाहेरचा मुलगा वर मान करून बघत नाही. तू सुटलीस, तू वेनुस्ताच्या पोटी

इथे मेण जरा खरवडलं गेलंय. लक्ष देऊ नकोस.

तर मी धीर करून आमच्या अधिकाऱ्यांकडे, वेरानससाहेबांकडे, रजा मागायला गेलो. ते म्हणाले, "कुणाचं लग्न?"

"बायकोच्या बहिणीच्या मुलीचं."

"बायको तर कधीच वारली. म्हणजे तुझी ती कोणी नाही."

"नाही साहेब. कोणी नाही."

"ईस्टरनंतर जा. बार्बातियो जामीन राहील. तू परत आला नाहीस तर त्याची चामडी."

बार्बातियो म्हणाला, "माझी चामडी आधीच जुनी आहे, जा खुशाल." मी बाहेर आलो आणि कोळशाच्या ढिगापाशी बराच वेळ उभा राहिलो. मला खोकला झालाय.

तू विचारलंस, सध्या काय कोरताय. देवाचा हात. सम्राज्ञीच्या सोन्याच्या नाण्यांवर तिच्या डोक्यावर ढगातून एक हात खाली येतो आणि तिला मुकुट घालतो. हात तेवढा दिसतो, देव दिसत नाही. मला हे आवडतं. सगळा देव एवढ्याशा जागेत मावलाही नसता. माझे आजोबा इथेच सूर्यदेव कोरायचे, उजवा हात वर केलेला. मग सूर्य गेला. बाबांनी पंखवाली विजयदेवी कोरली. तिलाही काढणार होते, पण कुणीतरी तिच्या हातात क्रूस दिला आणि ती राहिली. देव आले, गेले, नोकऱ्या बदलून राहिले. बाक तोच आहे, बसणारे आम्हीच आहोत.

आणि एक गंमत सांगतो. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा नाण्यावर सुलटं उमटतं. म्हणून मी माझा डावा हात बाकावर पुढे ठेवतो, त्याच्याकडे बघून कोरतो, आणि नाण्यावर तो देवाचा उजवा हात होतो. अख्खं साम्राज्य माझ्या डाव्या हाताला मान देतं! करंगळीसकट. माझी करंगळी आत वळलेली आहे ना, ती तशीच उतरते. देवाला चालते, आजवर तक्रार आलेली नाही.

तुझी करंगळी अजून तशीच वळते का गं? सहज विचारलं.

ईस्टरनंतर भेटू. वेनुस्ताला सांग, यंदा मी दारात उभा राहणार नाही, आत येऊन जेवणार आहे.

तुझा काका
एवोदियस

*

रावेन्ना, ईस्टरआधीच्या उपवासाचा चौथा आठवडा

चि. दोम्निना,

आशीर्वाद. हे पत्र आईला वाचून दाखव, पण दार लावून.

माझ्या हातून घोटाळा झालाय. इतकी वर्षं या बाकावर काढली, अशी चूक कधी झाली नव्हती. देवाचा हात डावा उमटला.

कसा, तर ऐक, आणि हसायचं असेल तर हस. मी सराव करत होतो. तुझा हात कास्तसच्या हातात द्यायचा तर मनगटाखाली धरायचा की बोटं धरायची, आधी कुणाकडे बघायचं, मला काय माहीत! बाकावर बसल्या बसल्या माझा उजवा हात पुढे करायचो, असा धरेन, असा ठेवेन, मग कोरणी उचलायचो. बार्बातियो म्हणाला, "हवेशी कसलं हस्तांदोलन करतोस?" डावा हात कुठे होता कोण जाणे, मांडीवर असेल. जो हात डोळ्यांत भरला होता तोच मी पोलादात उतरवला. उजवा कोरला, म्हणजे नाण्यावर डावा आला. घणवाल्याला त्याचं काय, आणि तपासणारे वजन बघतात, देव बघत नाहीत. नाणी राजवाड्यात गेली, तिथून कुणीतरी एक चर्चमध्ये वाहिलं, आणि तिथल्या बिशपच्या हाताखालच्या एका म्हाताऱ्या डीकनची नजर भलतीच चांगली निघाली.

तो स्वतः टांकसाळीत आला. नाणं दोन बोटांत असं धरलेलं, मेलेला उंदीर धरावा तसं. आम्हाला सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"शेवटच्या न्यायाच्या दिवशी देवाच्या डाव्या बाजूला कोण उभं राहणार, माहीत आहे?"

बार्बातियो पुटपुटला, "बकऱ्या."

"शापित माणसं! आणि त्या हाताने तुम्ही सम्राज्ञीला मुकुट घातलात!"

बार्बातियो बरोबरच होता, शास्त्रात बकऱ्याच आहेत. पण त्याला फटके बसले. माझ्यामुळे बसले, आणि तरी तो माझ्याशी बोलतो. असा माणूस आहे.

मग वेरानससाहेबांनी मला खोलीत घेतलं. ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत हीच त्यांची वाईट खोड आहे. म्हणाले, "एवोदियस, एक तर तुझे डोळे गेले, नाहीतर तुझी श्रद्धा गेली. तिसरं कारण असेल तर तेही सांग."

तिसरं कारण खरं होतं, आणि तेवढंच सांगता येत नव्हतं. आपली कोणी नसलेल्या पोरीच्या लग्नासाठी माणूस इतका वेडा होतो का, असं त्यांनी विचारलं असतं. मी म्हटलं, "डोळे, साहेब." वाटलं, म्हातारा आंधळा झाला म्हणतील, घरी बसवतील, मग मी लग्नाला सुखाने येईन. मूर्ख! मी इतका मूर्ख आहे हे मला या वयात कळलं.

"अरेरे," ते म्हणाले, "मग बाकावर तुझ्या रक्ताचं कोण बसणार? बाक रिकामा ठेवता येत नाही."

"कोणी नाही. मरीना बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तेव्हाच कळवलं होतं."

"कळवलं होतंस. बाळंतपण पातावियमला, तिच्या बहिणीकडे. आणि त्याच थंडीत बहिणीला मुलगी झाली. इतकी वर्षं लग्नाला होऊन नाही, आणि नेमकी तेव्हा." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "ही करंगळी. तुझ्या बापाचीही अशीच होती ना? मी लहान असताना बघितली आहे."

मी म्हटलं, आमच्याकडे पुष्कळांची असते. ते म्हणाले, "असेल. ईस्टर झाला की पातावियमला माणूस पाठवतो. त्या मुलीचा हात बघायला कितीसा वेळ लागतो?"

बघ, लोक काय काय जोडतात! तू काही मनाला लावून घेऊ नकोस. तू वेनुस्ताची आहेस, सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण समज, समज हं, तू माझी असतीस, तर तुला इथे आणतील. बाकावर बाई चालत नाही, मग कास्तसला आणतील. विणकराच्या हातात कोरणी देतील, जमलं नाही तर कोळशाचं टोपलं देतील. तुमची मुलं इथल्या अंगणात वाढतील. इथल्या अंगणातून आभाळ केवढं दिसतं ते मी तुला सांगत नाही.

उपवासाच्या दिवसांत लग्न लागत नाही, नाहीतर म्हटलं असतं उद्याच उरका. आणि उरकून तरी काय, त्याने कास्तस जास्तच अडकेल. पळा म्हणावं तर कुठे? वेनुस्ताचे गुडघे, त्याचे माग, तुमचं घर, सगळं तिथे.

अनोळखी माणूस दारात आला तर हात पिठात असू देत.

माझी रजा गेली हे वेगळं सांगायला नको. मी आता टांकसाळीतच झोपतो, बाहेरून कडी असते. जेवण मिळतं. ईल माशाचं कालवण रोज. कंटाळा आला त्याचा.

काहीतरी सुचेल. मला नेहमी उशिराच सुचतं, पण सुचतं.

तुझा काका
एवोदियस

*

रावेन्ना, ईस्टरचा आदला दिवस

दोम्निना, माझे बाळ,

हे पत्र एकटीने वाच. बार्बातियो पाट्या अंगरख्यात लपवून होडीवाल्याला देणार आहे. पाठीवर वळ अजून ताजे आहेत आणि वर ही पाटी घासणार, म्हणून शिव्या देतोय. "तुझ्या पत्राला इतके कोपरे कशाला?" म्हणतो.

आधी चांगली बातमी. तुझ्याकडे कोणी येणार नाही. माणूस निघणार होता, त्याचं खेचर तयार होतं, ते परत तबेल्यात गेलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि डोळे माझे उत्तम आहेत.

काय झालं ते सांगतो. मी पडल्या पडल्या वेरानससाहेबांचं बोलणं आठवत होतो. डोळे गेले, नाहीतर श्रद्धा गेली. डोळे गेले म्हटलं की त्यांना माझं रक्त हवं. मग मी दुसऱ्या उत्तराचा विचार केला. श्रद्धा गेलेल्या माणसाच्या रक्ताचं ते काय करतात?

सकाळी मी निरोप पाठवला की मला खरं बोलायचंय, आणि त्या डीकनलाही बोलवा. दोघे आले. मी म्हटलं, "डोळे शाबूत आहेत." साहेबांनी एक पोलादी तुकडा दिला, मी त्यांच्यासमोर हात कोरून दाखवला. डावा हात पुढे ठेवला, तसाच कोरला, ठसा मेणावर दाबला. उजवा उमटला, नखांसकट. मला वाटतं, मी आजवर कोरलेल्यांत तो सगळ्यांत चांगला असेल.

वेरानस म्हणाले, "मग त्या दिवशी?"

"मुद्दाम केलं."

डीकनने छातीवर क्रूस काढला. मी पुढे बोलत गेलो. थांबलो असतो तर धीर सुटला असता. म्हटलं, "माझे आजोबा सूर्याचा उजवा हात कोरायचे. त्याला तुम्ही हाकललंत. मी मनातून अजून त्याचाच आहे. तुमच्या देवाला मी डावा हात दिला."

दोम्निना, हे खोटं आहे. तुला तरी ठाऊक असावं. मी रोज कोरणी हातात घेताना त्या हाताचीच प्रार्थना करत आलो. रविवारी चर्चमध्ये मागच्या खांबापाशी उभा राहून मी एकच गोष्ट मागत होतो, की ती सुटू दे. मी देवाला नाकारलं ते त्याच्याच कानावर गेलं असेल, आणि का नाकारलं तेही. तो काय ते बघून घेईल. मला त्याची भीती वाटत नाही. मला वेरानससाहेबांची वाटत होती.

 साहेबांना कळलं, मला खात्री आहे. मान खाली घालून त्यांनी माझ्या करंगळीकडे एकदा पाहिलं. तोंड उघडलं, पण तोवर डीकनच उठून ओरडला, "याच्या रक्ताचा थेंबही पुन्हा या बाकावर नको! देवाच्या हाताला असल्या वंशाचा स्पर्श नको! लिहून घ्या!"

आणि वेरानसनी लिहून घेतलं. म्हणाले, "एवोदियसच्या रक्ताचं कोणी असलं, कुठेही असलं, तरी टांकसाळीला नको. झालं समाधान?" हे ते डीकनला म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे. मी त्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या, आता त्या परत घ्याव्या लागणार. काय वैताग आहे!

आजोबा, बाबा, मी, आमच्यापैकी कुणालाही कधी कुणी 'नको' म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. डीकनला वाटलं पश्चात्ताप झाला.

आता माझं. ईस्टरला कैदी सोडतात, पण देवाचा अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. दंडावर डाग देतील, आणि मग मी खाली भट्टीवर, सोनं गाळायला. कायमचा. तिथून वर यायचं नाही, रविवारीसुद्धा नाही. चर्च नाही, होडीवाला नाही, म्हणून पत्रंही नाहीत. भट्टीवर थंडी वाजत नाही, तेव्हा कास्तसला सांग, माझ्यासाठी घोंगडी विणू नकोस. ती डाव्या हाताची नाणी परत आली की माझ्याच हातांनी वितळवायची आहेत. ते एक काम मला आवडेल.

मला शोधायला यायचं नाही. विचारपूस करायची नाही. माझं नाव बाजारातसुद्धा घ्यायचं नाही. कागदावर झालं तरी कागद बदलतात, अधिकारीही बदलतात. तू शहाणी आहेस, मला पुन्हा लिहायला लावू नकोस.

आता जे लिहायचं ते. तीन पाट्या झाल्या आणि मी अजून आजूबाजूलाच फिरतोय.

मरीना तुझी मावशी नव्हती. तुझी आई होती. तुला जन्म देऊन ती पहाटे गेली, वेनुस्ताच्या घरी, त्या मागच्या खोलीत जिथे आता तुझं शिवणकाम असतं. जायच्या आधी तिने तुझी मूठ उघडून बघितली आणि म्हणाली, "अगंबाई, हिचीही करंगळी तुमचीच." आणि मग म्हणाली, "हिला तिकडे नेऊ नका." मरीना स्वतंत्र घरातली, माझ्याशी लग्न करून ती आत आली होती, तिला ठाऊक होतं ती काय सांगते आहे. मी तुला वेनुस्ताच्या मांडीवर ठेवलं आणि रावेन्नाला येऊन कळवलं की दोघीही गेल्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तुझ्या दारातून परत फिरताना वाटायचं, पण ते वेगळं.

एकदा तू चार-पाच वर्षांची असशील. मी दारात उभा, तू माझं बोट धरून आत ओढत होतीस, "काका, या ना, या ना." वेनुस्ता मागे उभी होती. मी म्हटलं, होडी सुटेल. होडीला अजून खूप वेळ होता. मी घाटावर जाऊन बसलो.

वेनुस्तावर रागावू नकोस. ती तुझी आई आहेच. दोन आया मिळाल्या असं समज, बाप मात्र जेमतेम एक.

लग्नाच्या दिवशी वेनुस्ताने तुझा हात पुढे करावा. लोक म्हणतील बाईने का, म्हणू देत. मनगटाखालून धरायचा, बोटं मोकळी सोडायची. मी सगळा विचार केला होता. आधी तुझ्याकडे बघायचं, मग त्याच्याकडे. आणि तुमच्याकडे कधी सम्राज्ञीचं सोन्याचं नाणं आलं, चांगलं, उजव्या हाताचं, तर खर्च करण्याआधी उजेडात धरून बघ. वरच्या हाताची करंगळी बघ. तो हात तुझ्या घरचा आहे.

या पाटीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, मी माझी करंगळी मेणात दाबली आहे. तुझी तिच्यावर ठेवून बघ. बसेल. मग लेखणीची चपटी बाजू घे आणि सगळं सपाट कर, आधी ही खालची ओळ, मग वरचं. मेण चांगलं आहे, त्यावर घरचा हिशोब लिही.

तुझा बाप